माझे मामा आणि तुझं नाक

विनू, तुझ्या नाकानं मला परत एकदा नापास केलंय. हसू नकोस. म्हणजे हस, पण मला ऐकू येईल असं हस. गेले कित्येक दिवस या खोलीत माझ्याशिवाय कुणी हसलेलं नाही, आणि माणूस एकटाच हसायला लागला की घरमालकीण जिन्यातून विचारते, "भाईसाब, तबीयत तो ठीक है?" तब्येत ठीक आहे. टेबलावर कागदांचा ढीग आहे. त्यातल्या प्रत्येक कागदावर तू असायला हवा होतास, आणि प्रत्येक कागदावर माझे मामा आहेत.

तुला मामांची ओळख करून द्यायला नको. पण इथल्या मराठी मंडळातले लोक हे त्यांच्या अंकात छापायचं म्हणताहेत, तेव्हा चार ओळी त्यांच्यासाठी. तोवर तू पेन्सिलीला टोक कर. माझे मामा अकोल्याकडे तलाठी. दुपारी जेवले की ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपत. मी तेव्हा मुंबईच्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांची तयारी करत होतो, आणि आमच्या घरात न हलता बसून राहणारा माणूस तो एकच. मी मामांना समोरून काढलं, बाजूनं काढलं, घोरताना काढलं, मिशीवर माशी बसलेली असताना काढलं. एलिमेंटरी पास झालो, इंटरमिजिएटला वरची श्रेणी मिळवली, आणि या यशापायी एवढंच झालं की माझ्या हाताला जगात एकच चेहरा काढता येऊ लागला. हे मला ठाऊक नव्हतं. ते तू मला सांगितलंस, आणि नंतर सांगतच राहिलास.

वडिलांची बदली जयपूरला झाली तेव्हा मी ती सर्टिफिकेटं ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली होती, कुणी विचारलं तर लगेच काढता यावीत म्हणून. राजस्थान हे राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती. माझी अशी समजूत की इथल्या लोकांना रंग म्हणजे साफ्याचे आणि चित्र म्हणजे दारावरचा हत्ती, यापलीकडं काही माहीत नसणार. कॉलेजात इंटरला चित्रकला हा विषय मी घेतला तो जवळजवळ या शहरावर उपकार म्हणून.

पहिल्या दिवशी चित्रकलेचे मास्तर, म्हणजे मास्साब, वर्गात आले, स्टुलावर एक मातीची सुरई ठेवली, "देखो" एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मी पाहिलं न पाहिलंसं केलं आणि काढून मोकळा झालो. मग आजूबाजूला कुणाला मराठी कळत नाही या आनंदात मोठ्यानं म्हणालो, "हा म्हातारा काय शिकवणार, कपाळ! एक मडकं ठेवलं आणि चहा प्यायला गेला."

पुढच्या बाकावरचा काटकुळा पोरगा वळला. त्यानं आधी माझ्या कागदाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मास्साबला मराठी येत नाही," तू म्हणालास. "पर मला येते."

मी कागदावर हात ठेवला.

"आणि ते मडकं नाही. सुराही आहे. तू मडकं काढलंस, मतलब आता तुला तिकडं पण मडकंच दिसतंय."

विनू, तुझं मराठी तेव्हा असं होतं की ऐकताना वाटायचं, कुणीतरी दगडावरून दगडावर पाय ठेवत नदी ओलांडतंय आणि मधला दगड सापडला नाही की हिंदीत पाय बुडवतंय. तुझे वडील रत्नागिरीचे, तार खात्यात. तू जन्मलास जयपुरात, वाढलास बनी पार्कात. माझं वऱ्हाडी ऐकून तू विचारलंस, "हे पण मराठीच आहे का?" मी म्हटलं, "काहून? तुले शंका हाय का?" तू इतका हसलास की मास्साब चहा टाकून परत आले.

आपल्या वर्गाची ती पद्धत आठवते? मॉडेलला द्यायला कॉलेजकडं काही नव्हतं, म्हणून पाळीपाळीनं आपल्यातल्याच एकानं समोर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला काढायचं. बसणाऱ्याला हलायची बंदी, बोलायची बंदी, आणि शेवटी सगळ्यांचे बोर्ड भिंतीला लावून आपले अठरा अवतार पाहण्याची सक्ती. माझा बोर्ड लागला की सगळे तुझ्याकडं बघायचे. मग तुझा आवाज यायचा, "मामाजी आले."

चौकीदाराला काढलं, मामा आले. वर्गातल्या दाढीवाल्या सरदारजीला काढलं, तर दाढी लावलेले मामा आले. स्टेशनबाहेर उंट काढायला नेलं होतं, तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता बघू हा काय बोलतो. तू माझ्या कागदासमोर बराच वेळ उभा राहिलास. उंटाकडं बघितलंस, कागदाकडं बघितलंस, आणि फार हळू, एखाद्याला घरची वाईट बातमी सांगावी तसं म्हणालास, "मनोहर, तुझ्या मामांना कुबड आलंय रे."

आणि मग तुझी पाळी यायची. तू समोर स्टुलावर बसायचास आणि तुझं ते नाक. सरळ निघायचं, मध्येच काहीतरी विसरल्यासारखं थांबायचं, मग जरासं एका बाजूला होऊन पुढं जायचं. लहानपणी झोक्यावरून पडला होतास, हे नंतर कळलं. मला ते नाक बघवत नसे. चित्रकाराच्या नजरेला ती चूक वाटायची, आणि चूक दिसली की दुरुस्त करायची हे मी ग्रेड परीक्षेत शिकलो होतो. मी ते सरळ करून काढायचो.

"मनोहरजी," तू विचारलंस. रागावलास की मला 'जी' लागायचं. "हे नाक कुणाचं आहे?"

"तुझंच. थोडं सरळ केलंय."

"का?"

"बरं दिसतं."

"कुणाला?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते परवापरवापर्यंत चाललं. तुझं म्हणणं, "तू बघतच नाहीस. तुला सगळं पहिल्यापासून माहीत असतं. माहीत असलं की माणूस बघत नाही." माझं म्हणणं, की बघून तर कॅमेरासुद्धा काढतो, कलावंत तो, ज्याला बघावं लागत नाही. स्मरणचित्राच्या पेपरात मला किती मार्क होते हे मी तुला दर वेळी सांगायचो. परीक्षक नुसतं 'बाजार' म्हणायचा आणि मी तिथल्या तिथं बाजार उभा करायचो. तू विचारायचास, "त्या बाजारात माणसं किती?" मी म्हणायचो, बारा-पंधरा. "आणि मामा किती?" मी रबर शोधायला लागायचो.

तरी मी तुझ्यामुळं पास झालो, हे मी कुणाकुणाला सांगितलंय. तुला सांगितलं नव्हतं. तुला वाटलं असेल, मनोहर सफाईवर पास झाला. 'सफाईदार' हा तुझ्या तोंडी सगळ्यात वाईट शब्द होता. एखाद्याचं काम अगदीच वाया गेलेलं असलं की तू म्हणायचास, "सफाईदार आहे." त्या माणसाला आनंद व्हायचा.

इंटर झालं आणि आपण दोघंही पुढं चित्रकला शिकायला मुंबईला जाणार होतो. गेलो कुणीच नाही. तुला शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी मिळाली, मी स्टेशनाजवळच्या छापखान्यात लेबलं काढायला लागलो. वडिलांची पुन्हा नागपूरला बदली झाली, घरचे गेले, मी इथंच राहिलो. का राहिलो असं घरचे विचारायचे. मी नोकरीचं नाव सांगायचो. जयपुरात मराठी घरं आहेत की, चांगली माणसं आहेत. त्यांच्याकडं गेलं की कुणाची बदली कुठं झाली आणि गावाहून येताना कोकम कोण आणणार हे कळतं. पण नाकासाठी मराठीतून भांडेल असा माणूस या शहरात एकच होता, आणि त्याच्याकडं जायचा वार रविवार होता.

परवाच्या रविवारी मी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि कलेक्टरेटच्या चौकाच्या पुढं आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कुठं निघालोय. परत फिरलो नाही. परत फिरून जायचं कुठं? रस्त्याकडेला उभा राहून एका सायकलवाल्याला विनाकारण वाजले किती ते विचारलं. त्यानं सांगितलं. मी म्हटलं, बरं.

आपली शेवटची भेट लेबलावरून भांडण्यात गेली. केसाच्या तेलाचं लेबल होतं, लांब केस सोडून बसलेली बाई. मालक खूश होता, छपाईला गेलं होतं. मी मोठ्या ऐटीत तुझ्यापुढं धरलं. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"तेल लावून मामाजींचे केस चांगले वाढले."

"मस्करी पुरे. काय चुकलंय ते सांग."

"सांगेन."

"आत्ता सांग."

"आत्ता अंग दुखतंय यार. पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी मी नागपुरात होतो, बहिणीच्या लग्नात. तिथं मांडवावर नावं रंगवायचं काम माझ्याकडं होतं. मी इतक्या कलाकुसरीनं रंगवली की नवऱ्याच्या मावशीनं विचारलं, "हे काय लिहिलंय, उर्दू का?" ही गोष्ट मी तुझ्यासाठी जपून ठेवली होती. गाडीत मनातल्या मनात दोन-तीनदा सांगून बघितली, कुठं थांबायचं, मावशीचा आवाज कसा काढायचा. तुझा ताप टायफॉइडचा होता आणि तो उतरला नाही, हे मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार कुठं? लग्नाचा पत्ता कुणाकडं होता?

स्टेशनवर उतरलो तो सामानासकट थेट तुमच्याकडं आलो. हातात संत्र्यांची करंडी. आणि फाटकातूनच नेहमीची आरोळी ठोकली, "विन्या, नाक घेऊन बाहेर ये!"

आयुष्यात मी पुष्कळ गाढवपणा केला आहे. मास्साबांच्या टोपीवर शाई सांडली, मंडळाच्या हळदीकुंकवाच्या बोर्डावर गणपतीला मामांचे डोळे काढले. पण त्या फाटकातली आरोळी हवेत असताना मला ओसरीवर बसलेली माणसं दिसली, खाली अंथरलेली सतरंजी दिसली, आणि आरोळी परत घेता येईना. तुझ्या आई, माझ्या काकू, दारात आल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, करंडीकडं बघितलं.

"ये," म्हणाल्या. "त्याला आवडायची संत्री."

मी सतरंजीवर बसलो. काका, तुझे वडील, शेजारी होते. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

निघताना काकूंनी मला आत बोलावलं. देवघरासमोर दोन फोटो ठेवले होते. एक तुझ्या मुंजीतला. डोक्याचा गोटा, हातात दंड, आणि चेहऱ्यावर कुणीतरी लाडू हिसकावल्याचा भाव. दुसरा आपल्या वर्गाचा ग्रुप फोटो. तो मला आधी बघवेना. फोटोग्राफरनं कापडाखाली डोकं घातलं आणि तेवढ्यात मी मागून तुझ्या कानात काहीतरी पुटपुटलो होतो. काय ते आता आठवत नाही, मास्साबांच्या धोतरावरून काहीतरी असणार. तू वळलास. फोटोत तुझ्या जागी एक पांढरट धूर आहे. आणि धुरामागं मी, अगदी स्वच्छ, दात दाखवत.

"मोठेपणीचा एकही नाही रे," काकू म्हणाल्या. "फोटो काढू म्हटलं की पळायचा. आरशात बघून दोन चित्रं काढली होती स्वतःची."

"ती परीक्षेला गेली, काकू. परीक्षेची परत देत नाहीत."

"हो ना. बाकी ढीग आहे. मी शेंगा सोलताना आहे, हे पेपर तोंडावर घेऊन झोपलेत ते आहेत, समोरच्यांची गाय आहे. तोच नाही." त्यांनी मुंजीतला फोटो उचलून परत ठेवला. "तेराव्याला समोर ठेवायला काहीतरी हवं. मुंजीतला ठेवला तर लोक म्हणतील, पोर गेलं की काय लहान. तू काढ. तू काढशील ना?"

मी त्यांना काय सांगणार होतो? की काकू, मला फक्त मामा येतात?

"विनू म्हणायचा," त्या म्हणाल्या, "मनोहरसारखं सफाईदार वर्गात कुणी काढत नाही."

म्हणजे बघ. घरीसुद्धा तू तोच शब्द वापरलास, आणि तो कसा घ्यायचा हे सांगितलं नाहीस. त्या माउलीला वाटत होतं की तू माझी तारीफ केलीस. मी मान हलवली आणि म्हटलं, "काढतो."

खोलीवर आलो, कागद ताणला, डोळे मिटले. तू लगेच दिसलास. अगदी सगळा. डोळे उघडून पेन्सिल टेकवली आणि मामा आले. पुसलं. परत डोळे मिटले. परत मामा. तुझा शर्ट घातलेले मामा, तुझ्यासारखा भांग पाडलेले मामा. नाक मी या वेळी वाकडं काढत होतो, शप्पथ, जिथं थांबतं तिथं थांबवत होतो, जिथं वळतं तिथं वळवत होतो, तर झोक्यावरून पडलेले मामा आले. मला हसू फुटलं, तेच ते घरमालकिणीला ऐकू गेलं. मग मला कळेना की हसू कुठं थांबलं आणि पुढचं काय सुरू झालं.

खरं भय मात्र निराळं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी डोळे मिटले तेव्हा आतसुद्धा तू जरा जाडा दिसलास. मिशी यायला लागली होती. माझा हात जे करत होता ते आता माझी आठवण करायला लागली. मी पेन्सिल ठेवून दिली. अजून चार कागद वाया घालवले असते तर तू मला आठवलाच नसतास, विनू. मरेपर्यंत तुझ्या नावापुढं अकोल्याचे तलाठी उभे राहिले असते. काकूंना शब्द दिला होता, आणि तो पाळायला जावं तर हातात होतास तेवढाही जात होतास.

तेरावा तोंडावर आला. जाऊन सांगून टाकावं की जमत नाही, असं ठरवून मी दुपारी बाहेर पडलो, आणि बनी पार्ककडं वळायचं धैर्य होईना म्हणून कॉलेजकडं वळलो. सुट्टी होती. फाटकावर तोच आपला चौकीदार.

"अरे, मनोहर बाबू! बहुत दिन बाद। विनायक बाबू नहीं आए?"

त्याला ठाऊक नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "आज नहीं आए।"

त्यानं वर्ग उघडून दिला. काही बदललेलं नाही. तीच स्टुलं, तोच टर्पेन्टाइनचा वास, आणि त्याच डाँक्या. पुढं बोर्ड टेकवायची सोय असलेली ती बाकं, ज्यांवर दोन्हीकडं पाय टाकून घोड्यावर बसल्यासारखं बसायचं. मी माझ्या डाँकीवर बसलो. समोर तुझी, रिकामी. डावीकडच्या मोठ्या खिडकीतून ऊन आत येत होतं.

मी चित्र काढायला बसलो नव्हतो. नुसता बसलो होतो. पण बसल्यावर नजर जिथं जायची तिथंच गेली. तुला आता सांगायला हरकत नाही: दोन्ही वर्षं मी इथून सुरई बघतच नव्हतो. सुरई बघून काढण्यापेक्षा तुझी सुरई बघून काढणं सोपं जायचं. तू एक रेघ ओढलीस की मी एक ओढायचो. म्हणून तर पास झालो. मी तुझ्या कागदाकडं बघायचो, आणि कागदाकडं जाताना वाटेत तू लागायचास. कान. कानामागं राहून गेलेला साबण. डोक्यावरचा भोवरा, ज्याच्यामुळं तुझे मागचे केस कधी बसलेच नाहीत. मानेवरचा तीळ. कॉलर.

बोर्ड तिथंच पडलेला होता, कागद माझ्या पिशवीत होता. मी सुरुवात केली ती कानापासून. मामा आले नाहीत. मी वाट बघितली, तरी आले नाहीत. मग माझ्या लक्षात आलं की मामांची पाठ मी जन्मात काढलेली नाही. ते भिंतीला टेकून झोपायचे. माझ्या हाताला पाठ कशी असते हे माहीतच नव्हतं. बघितलं होतं तेवढंच काढता येत होतं.

एकदाच अडलो. तुझा डावा खांदा खाली उतरलेला येत होता, सगळं अंग डावीकडं कललेलं. वाईट दिसत होतं. मी पुसून सरळ केलं, आणि तू नाहीसा झालास. बाकावर कुणीतरी दुसराच. होतं तसं कललेलं परत काढलं, तर परत आलास. म्हटलं, राहू दे बाबा, तुझंच खरं. खिडकी काढली, उजेड टाकला, सावल्या जिथं पडतात तिथं टाकल्या. चौकीदार किल्ल्या वाजवायला लागला तेव्हा उठलो.

काल तेरावा झाला.

पंडितजींनी चित्र बघितलं आणि ते गोंधळले. "बहनजी, इसमें तो मुख ही नहीं है। फूल कहाँ चढ़ाएँगे?" मंडळातल्या एकदोघांनी एकमेकांकडं बघितलं. मला वाटलं, झालं. फाटकातल्या आरोळीनंतर हा माझा दुसरा पराक्रम. मी म्हणणार होतो की मुंजीतलाच ठेवा. पण काका बोलले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांचा आवाज ऐकला.

"तो असाच बसायचा," ते म्हणाले. "आमच्याकडं पाठ करून."

काकूंनी कागद उचलला आणि दारापाशी उजेडात नेला. पदरानं हात पुसून मग त्यांनी बोट टेकवलं, चित्राला नाही, चित्राच्या जरा वर. "ही कॉलर विरली होती. मी उलटून शिवली. शिवताना इथं ओढली गेली होती." मग म्हणाल्या, "ती ओढसुद्धा काढलीस तू."

मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण हा असा वाकडा का बसलाय रे?"

"असाच बसायचा, काकू."

"छे. घरात तर सळईसारखा ताठ. तासन्‌तास. मी म्हणायची, मेल्या, जरा पाठ टेक, मोडेल. कधी वाकला नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "वर्गात असा बसायचा?"

"उजेडासाठी," मी म्हटलं. "खिडकी तिकडं होती ना."

त्यांना ते पटलं. त्यांनी कागद भिंतीशी उभा केला आणि फूल त्याच्या कोपऱ्यात अडकवलं.

खिडकी तिकडंच होती, विनू. डावीकडं. आणि डावीकडं झुकलं की उजेड मिळत नाही, उजेड अडतो. आपल्या डोक्याची सावली आपल्याच कागदावर पडते. एलिमेंटरीच्या पोरालाही हे कळतं. चित्रातही ती पडलेली आहे, मीच काढलीय, आणि काकू विचारेपर्यंत मला ती दिसली नव्हती. तुझी उजवी बाजू तेवढी मोकळी होते, मागं बसलेल्या माणसाला तुझा कागद दिसेल एवढी. दोन वर्षं तू आपल्याच सावलीत बसून चित्रं काढलीस. आणि मी मागून तुला सांगत होतो, विन्या, तुझं शेडिंग फार काळं येतं.